टाकळीचा शंकू आणि झिलमिलीचं कवच

आमच्या वाशीम जिल्ह्यातलं, मालेगाव तालुक्यातलं शिरपूर जैन हे गाव लोकांना माहीत असतं ते अंतरिक्ष पार्श्वनाथांमुळे. आजचा लेख मात्र त्या गावाच्या पायाखालच्या जमिनीबद्दल आहे. शिरपूरच्या शिवारात विहीर खणायला घ्या. आधी काळी कसदार माती लागते, मग मुरूम, आणि मग लागतो तो काळा पत्थर. पहारीला दाद न देणारा, सुरुंग लावल्याशिवाय न हलणारा. वाशीमच काय, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, पार सह्याद्रीपर्यंत तोच दगड. कातळ म्हणा, बेसॉल्ट म्हणा, पुस्तकी भाषेत दख्खनचा ट्रॅप म्हणा. आज सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. लोणारचं विवरही याच दगडात आहे.

हा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरून जातो. पण तो *कधीचा* आहे? हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. त्यावर दीडशे वर्षांहून जास्त काळ वाद चालला. त्या वादात जे साक्षीदार उभे राहिले त्यातल्या दोघांची तुलना आज करायची आहे. पहिला साक्षीदार एक सूचिपर्णी झाड, तेही विदर्भात अगदी दुर्मीळ. दुसरा समुद्रात राहणारा एक जीव, मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी लहान. झाड सापडलं नागपूरला आणि समुद्राचा जीव सापडला छिंदवाडा जिल्ह्यात. हो, छिंदवाड्याला! तिथे समुद्र कुठून आला हे पुढे येईलच.

लाव्हा थांबला तेव्हा

आधी थोडी पार्श्वभूमी. लाव्हात जीवाश्म मिळत नाहीत, कारण हजार अंशांच्या आसपास तापलेल्या रसात काही टिकत नाही. मग या दगडाचं वय जीवाश्मांवरून कसं काढायचं?

उत्तर असं की लाव्हा एका दमात आला नाही. एक थर येऊन निवला की मध्ये बराच काळ जायचा. त्या काळात वरचा दगड झिजून माती व्हायची, खोलगट जागी तळी साचायची, काठाला झाडं उगवायची, पाण्यात गोगलगायी फिरायच्या. मग पुढचा लाव्हा येऊन सगळं झाकून टाकायचा. विहिरीच्या भिंतीत दोन काळ्या थरांच्या मध्ये कधी कधी विटकरी रंगाचा पट्टा दिसतो, ती अशीच एक जुनी जमीन. काही ठिकाणी तळ्यातल्या गाळात सिलिका मुरली आणि त्याचा गारगोटीसारखा कडक चर्ट झाला. त्यात बिया, खोडं, फुलं पेशीन् पेशी टिकून राहिली. या मधल्या थरांना इंटरट्रॅपियन थर म्हणतात. काळ्या पत्थराचं वय सांगणारे साक्षीदार मिळाले तर इथेच.

पहिला साक्षीदार: टाकळीचा शंकू

1845 साली स्टीफन हिस्लॉप नावाचा एक स्कॉटिश मिशनरी नागपूरला आला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज याच्याच नावाचं. धर्मप्रसार आणि शाळा हे त्याचं काम, पण फिरायला निघाला की नजर दगडांवर. 1851 मध्ये त्याला आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याला नागपूरजवळच्या टाकळीत जीवाश्म सापडायला लागले. टाकळी तेव्हा गावाबाहेर होती, आता शहरातच आहे. आधी शंख, मग फळं, बिया, पानं, लाकडं. या भागातले असे शंख त्याआधी 1830 च्या दशकात माल्कमसन नावाच्या डॉक्टरनेही नोंदवले होते, पण हिस्लॉपने गोळा केले तसे ढिगाने कोणी गोळा केले नव्हते. त्याने ते लंडनला पाठवले. 1860 मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा लेख आला. लेखाच्या शीर्षकातच त्याने या थरांना 'टर्शरी' म्हणून टाकलं. म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरच्या काळातले.

1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडाला. त्याचे दगड लंडनच्या कपाटात राहिले.

आणि राहिले ते जवळजवळ सत्तर वर्षं. मग ते नीट पाहिले बिरबल साहनींनी. साहनी म्हणजे भारतातल्या पुरावनस्पतीशास्त्राचे जनक, लखनौची संस्था त्यांच्याच नावाने चालते. 1931 मध्ये त्यांनी भारतातल्या अश्मीभूत सूचिपर्णी वनस्पतींवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात टाकळीचे शंकू होते. शंकू म्हणजे पाइनच्या झाडाला लागतं ते लाकडी, खवल्याखवल्यांचं 'फळ', ज्यात बी असतं. साहनींनी त्यांना नावं दिली: टाक्लिओस्ट्रोबस अलाटस, इंडोस्ट्रोबस बायफिडोलेपिस, पिटिओस्ट्रोबस क्रॅसिटेस्टा. पहिल्या नावात चक्क आपली टाकळी आहे. 'अलाटस' म्हणजे पंखवाला आणि 'बायफिडोलेपिस' म्हणजे दुभंगलेल्या खवल्यांचा.

आता यात विशेष काय? विशेष असं, की महाराष्ट्राच्या रानात आज आपोआप उगवणारा सूचिपर्णी वृक्ष नाही. शाळेत असताना विद्या येते म्हणून पुस्तकात ठेवायचो ती मोरपंखी आहे सूचिपर्णीच, पण ती मूळची चीनकडची, अंगणात लावलेली. समुद्रकिनाऱ्यावरचं सुरू दिसतं पाइनसारखं, पण ते सपुष्प वनस्पतींपैकी आहे, नुसतं सोंग :-) देवदार, चीड हे सगळे हिमालयात. संपूर्ण दक्षिण भारतात मूळचा म्हणावा असा एकच सूचिपर्णी वृक्ष आहे, नेजिया वॉलिचियाना, तोही केरळ-तामिळनाडूच्या घाटांतल्या ओल्या जंगलात. लाव्हांच्या मधल्या थरांमध्येसुद्धा भर आहे तो ताडमाडांचा, सपुष्प झाडांचा, पाणनेच्यांचा. सूचिपर्णी म्हणजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नमुने. म्हणून टाकळीचा शंकू मोलाचा.

साहनींचा प्रश्न

1934 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये साहनींनी एक लेख लिहिला. त्याचं शीर्षकच प्रश्न होतं: दख्खनचे ट्रॅप क्रिटेशियस की टर्शरी? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची जुनी मंडळी, विशेषतः ब्लॅनफर्ड, हा दगड क्रिटेशियसच्या शेवटाचा मानत आली होती, म्हणजे डायनोसॉरच्या शेवटच्या काळातला. 1879 च्या त्यांच्या प्रसिद्ध मॅन्युअलमध्ये तेच होतं. साहनी म्हणाले, वनस्पती वेगळं सांगतात.

त्यांचा भर मुख्यतः छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलान या गावावर होता. नागपूरहून फार लांब नाही, जुन्या मध्य प्रांतातच. तिथल्या शेतांत विखुरलेल्या चर्टच्या तुकड्यांत वनस्पतींचा खजिना आहे. के. पी. रोडे यांनी 1930 च्या दशकात तिथल्या जीवाश्मांवर लिहिलं, साहनींनी त्यांच्याबरोबर काम केलं. अझोला हा तरंगता पाणनेचा मिळाला. नीपा नावाच्या माडाचं फळ मिळालं. नीपा आजही आहे, सुंदरबनात त्याला गोलपाता म्हणतात, त्याची पानं घर शाकारायला वापरतात. लंडनजवळच्या इओसीन काळातल्या चिकणमातीत नीपाची फळं भरपूर सापडतात. म्हणून साहनींचा युक्तिवाद असा: तिकडे नीपा इओसीनमध्ये, इकडेही नीपा, तेव्हा आपला दगडही इओसीनच्या सुरुवातीचा असला पाहिजे. युक्तिवाद स्वच्छ होता, माणूस मोठा होता आणि पुढे बराच काळ पुष्कळांनी हेच मानलं.

या कामाची पुढची कडी नागपूरचीच. डॉ. श्यामला चितळे नागपूरच्या विज्ञान संस्थेत वनस्पतीशास्त्र शिकवत असत. मोहगाव कलानच्या चर्टवर त्यांनी कित्येक वर्षं घालवली. पद्धत मोठी चिकाटीची: दगड कापायचा, गुळगुळीत करायचा, हायड्रोफ्लोरिक आम्लाने वरची सिलिका किंचित विरघळवायची, त्यावर ॲसिटेटची पातळ फिल्म चिकटवून सोलून काढायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. मग पुन्हा तेच. एका फळासाठी शेकडो पापुद्रे. पुढे त्या अमेरिकेत क्लीव्हलंडच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात गेल्या आणि तिथला पुरावनस्पती विभाग त्यांनीच उभा केला. मोहगावच्या एका सूचिपर्णी शंकूला त्यांनी हॅरिसोस्ट्रोबस नाव दिलं, इंग्लंडमधल्या त्यांच्या मार्गदर्शक टॉम हॅरिस यांच्यावरून. 2013 साली वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी त्या गेल्या.

झाड तारीख का सांगत नाही

आता मुद्द्याला येऊ.

समजा तुमच्या हातात कुठल्यातरी जुन्या सिस्टिमचा कोड पडला. तारीख कुठेच लिहिलेली नाही आणि ती तुम्हाला शोधायची आहे. कोडमध्ये कोबॉल दिसलं. त्यावरून काय कळेल? काहीच नाही! कोबॉल 1959 पासून आहे आणि बँकांमध्ये आजही चालतंय. पण त्याच कोडमध्ये एखाद्या लायब्ररीची अशी आवृत्ती दिसली, की जी फक्त तीन महिने वापरात होती आणि मग मागे घेतली गेली, तर? तर तुम्ही तारीख जवळजवळ महिन्यावर आणू शकता.

सूचिपर्णी झाडं म्हणजे कोबॉल. पाइन ही प्रजाती डायनोसॉरच्या काळापासून, तेरा कोटींपेक्षा जास्त वर्षांपासून आहे. अशी झाडं एखाद्या दरीत चिवटपणे टिकून राहतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. जपानच्या शिगेरू मिकी यांनी 1941 मध्ये जीवाश्मांवरून मेटासिक्वोया नावाचा वंश वेगळा काढला, नामशेष झालेला समजून. काही वर्षांतच चीनच्या एका आडबाजूच्या खोऱ्यात त्याची जिवंत झाडं उभी सापडली, 1948 मध्ये त्यांचं रीतसर वर्णन झालं. 1994 मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीच्या जवळच्या डोंगरांत डेव्हिड नोबल नावाचा वनरक्षक एका घळीत उतरला आणि त्याला वोलेमी पाइन दिसला. रानात त्याची पूर्ण वाढलेली झाडं शंभरसुद्धा नाहीत. त्याच्यासारखे जीवाश्म मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वीचे.

विचार करा, उद्या कोणाला एका दगडात वोलेमीची फांदी सापडली. तो दगड नऊ कोटी वर्षांपूर्वीचा, की दहा हजार वर्षांपूर्वीचा? फांदी काहीच सांगणार नाही. चिवटपणा हा झाडाचा गुण, पण साक्षीदार म्हणून तोच दोष.

टाकळीच्या शंकूचंही तेच. साहनींनी त्यांच्या युक्तिवादात जास्त भरवसा ठेवला तो अझोला आणि नीपावर. पण पुढे जगात इतरत्र अझोलाचे जीवाश्म क्रिटेशियस थरांत मिळाले, नीपाचे परागकणही क्रिटेशियसच्या अखेरच्या थरांत मिळाले. म्हणजे ज्यांना इओसीनचा शिक्का समजलं, ती झाडंसुद्धा सीमेच्या दोन्ही बाजूंना होती. साहनींचं निरीक्षण खोटं ठरलं नाही. झाडांना जे विचारलं होतं, ते झाडांना ठाऊकच नव्हतं.

दुसरा साक्षीदार: तरंगणारं कवच

समुद्राच्या पाण्यात फोरामिनिफेरा नावाचे जीव असतात. एकच पेशी, पण तिच्याभोवती चुन्याचं कवच, तेही कप्प्याकप्प्यांचं, द्राक्षाच्या घोसासारखं. काटेकोर बोलायचं तर आजचे जीवशास्त्रज्ञ यांना प्राणी म्हणत नाहीत, जुन्या पुस्तकांत मात्र ते प्राण्यांच्या रांगेतच बसलेले असतात. यातले काही तळाशी राहतात, काही आयुष्यभर पाण्यात तरंगतात. आपल्याला हवेत ते तरंगणारे.

का? तर तीन कारणं. एक, ते प्रवाहाबरोबर वाहत महासागरभर पसरतात, म्हणून इटलीत आणि भारतात एकाच वेळी एकच जात सापडू शकते. दोन, ते प्रचंड संख्येने असतात, मूठभर गाळात शेकडो. तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यांच्या जाती झटपट येतात आणि झटपट जातात. तीन महिने चाललेली लायब्ररीची आवृत्ती आठवा. तेलाचे शोध घेणाऱ्या कंपन्या विहीर खोदताना याच कवचांवरून 'आपण कुठल्या काळात पोचलो' ते ओळखत आल्या आहेत.

यातली एक जात आपल्या गोष्टीची नायिका. नाव जरा दमाने वाचा: पार्व्युलारुगोग्लोबिजेरिना यूगुबिना. जीव केवढा? मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. नाव जिवापेक्षा मोठं! 'यूगुबिना' हे इटलीतल्या गुब्बिओ गावाच्या जुन्या नावावरून. 1964 मध्ये लुटरबाखर आणि प्रेमोली सिल्व्हा यांनी तिथल्या चुनखडीत हिचं वर्णन केलं. गुब्बिओच्या खडकात खाली मोठमोठी, नक्षीदार कवचं, मग मातीचा बोटभर थर, आणि त्याच्यावर एकदम ही चिमुकली मंडळी. खालच्या जवळजवळ सगळ्या जाती गायब. पुढे वॉल्टर अल्वारेझ त्याच मातीच्या थरापाशी अडून बसला. त्यात इरिडियम जास्त निघालं आणि 1980 मध्ये त्याने, त्याच्या वडिलांनी आणि दोन सहकाऱ्यांनी मांडलं की एक अवकाशीय पिंड आदळून डायनोसॉर संपले. म्हणजे यूगुबिना ही त्या महासंहारानंतर उगवलेल्या पहिल्या काही जातींपैकी. तीही फार टिकली नाही, काही लाख वर्षांतच संपली. पण म्हणूनच ती जिथे सापडेल, तिथे ठामपणे म्हणता येतं: हा थर संहाराच्या नंतरचा आणि अगदी लगेच नंतरचा.

झिलमिली

आता दख्खनच्या दगडात समुद्रातला जीव मिळणार कसा? पूर्वेकडे आशा होती. लाव्हा गोदावरीच्या खोऱ्याने सुमारे हजार किलोमीटर वाहत राजमहेंद्रीपर्यंत गेला होता आणि तिथे त्या काळी समुद्र होता. हिस्लॉपच्या 1860 च्या लेखातही राजमहेंद्रीच्या शिंपल्यांची वर्णनं आहेत. 2008 मध्ये प्रिन्स्टनच्या गेर्टा केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजमहेंद्रीच्या खाणींत, लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये, ही संहारानंतरची तरंगती कवचं दाखवली.

पण खरा धक्का 2009 चा. केलर यांच्याच गटाने छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिली गावाजवळच्या इंटरट्रॅपियन थरात यूगुबिनाच्या काळातली कवचं सापडल्याचं प्रसिद्ध केलं. या गटात सुनील बाजपेयी, अशोक साहनी होते आणि नागपूरला भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेले, डायनोसॉरच्या अंड्यांसाठी प्रसिद्ध असलेले धनंजय मोहबे होते. मोहगाव कलान ज्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यात झिलमिली. आजच्या समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत! तिथला बराचसा थर गोड्या पाण्याचा आणि जमिनीचा आहे, पण मध्ये थोडा काळ मचूळ, खारं पाणी येऊन गेल्याच्या खुणा आहेत आणि त्यातच ही कवचं.

याचे दोन अर्थ. पहिला, तारीख. हा थर संहाराच्या लगेच नंतरचा, म्हणजे त्याच्या खालचा लाव्हा त्याआधीचा आणि वरचा त्यानंतरचा. ब्लॅनफर्ड आणि साहनी यांच्यातला वाद मिटला तो असा, की सीमा दगडाच्या आतूनच जाते. दोघेही अर्धे अर्धे बरोबर!

दुसरा अर्थ, समुद्र. केलर यांच्या गटाने मांडलं की नर्मदा आणि तापीच्या खचलेल्या खोऱ्यांवाटे समुद्राचा फाटा मध्य भारतात शिरला होता. एका झिलमिलीवरून तो सगळा मार्ग सिद्ध होत नाही, त्याला वाटेवरची आणखी ठिकाणं लागतील. पण इथे एक गंमत बघा. नीपा वाढतो खाडीच्या मचूळ चिखलात. मोहगावचा नीपा 1930 च्या दशकापासून ओरडून सांगत होता की पाणी खारं आहे, समुद्र जवळ आहे. समुद्राचा फाटा आत आला असावा असा तर्क त्यावरून काहींनी केलाही होता. म्हणजे झाडाने तारीख चुकवली, पण पत्ता अचूक सांगितला होता.

कोण खरा?

माझ्या मते या तुलनेतून शिकण्यासारखं ते एवढंच, की साक्षीदार मोठा की छोटा, दुर्मीळ की सामान्य यावर काही ठरत नाही. त्याला काय विचारता यावर ठरतं.

झाड एका जागी उभं असतं. तिथली माती, तिथलं पाणी, तिथला पाऊस त्याला माहीत. म्हणून झाडाला 'कुठे' विचारावं. टाकळीचा शंकू आजही एक प्रश्न घेऊन उभा आहे. पाइनचं कुळ प्रामुख्याने उत्तर गोलार्धातलं. लाव्हा वाहत होता तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, आशियाला अजून चिकटलेला नव्हता. मग पाइनसारखे शंकू नागपूरला कसे? की दिसायला पाइनसारखे आणि कुळ भलतंच, आपल्या सुरूसारखं? यूगुबिनाला हे विचारून उपयोग नाही. ती कुठलीच नव्हती, पाणी नेईल तिकडे जात होती.

उलट तरंगणाऱ्या जिवाला 'कधी' विचारावं. त्याला घर नाही म्हणून त्याची साक्ष सगळीकडे चालते आणि त्याचं आयुष्य छोटं म्हणून साक्ष नेमकी. दुर्मीळ नमुना संग्रहालयात काचेआड ठेवतात, त्याच्यावर नाव कोरतात. पण घड्याळ म्हणून उपयोगी पडतो तो चिखलात ढिगाने मिळणारा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा.

आणि त्याचीही एक मर्यादा सांगायलाच हवी. अल्वारेझ म्हणतो संहार अवकाशातून आला. केलर म्हणतात दख्खनच्या लाव्हाने, त्यातून निघालेल्या वायूंनी घात केला. दोघंही साक्षीला बोलावतात त्याच चिमुकल्या कवचांना! कवच सांगतं 'कधी', 'का' ते सांगत नाही. तिथून पुढे वकिली सुरू होते. 2015 मध्ये ब्लेअर शोन आणि सहकाऱ्यांनी लाव्हाच्या थरांमधल्या मातीतून झिरकॉनचे बारीक खडे वेचून युरेनियम-शिशाच्या पद्धतीने वय काढलं. त्यांच्या मते मुख्य लाव्हा संहाराच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला आणि साडेसात लाख वर्षांच्या आसपास चालला. 2019 मध्ये दुसऱ्या एका गटाने आर्गॉन पद्धतीने सांगितलं की लाव्हाचा बहुतांश भाग संहाराच्या नंतरचा आहे. वाद चालू आहे. पण दोन्ही घड्याळं 6 कोटी 60 लाख वर्षांच्या आसपासच टिकटिकतात आणि झिलमिलीचं कवचही तिथेच बोट ठेवतं.

आपलं काय?

आता शेवटचा आणि मला जास्त जवळचा मुद्दा. हिस्लॉपचे शंकू लंडनच्या कपाटात होते म्हणून साहनींना बघायला मिळाले. ज्या टाकळीत ते सापडले, तिच्यावर आज नागपूर शहर आहे. तिथे जाऊन पुन्हा खणणं आता होणं नाही. मोहगावचा चर्ट शेतात पडलेला, नांगराला आडवा येणारा. झिलमिलीचा थर तर मऊ, दोन-चार पावसाळ्यांत किंवा एका जेसीबीत जाईल असा. समुद्र इथवर आला होता की नाही, टाकळीचं झाड पाइन होतं की नाही, याची उत्तरं अशाच हातभर जाडीच्या थरांत आहेत आणि ते रोज खडीच्या क्रशरमध्ये चाललेत. मुद्दाम कोणी करत नाही. विहीर लागतेच, रस्ता लागतोच. पण त्या काळ्या दगडाच्या मधे काही लिहिलेलं असू शकतं, हे खणणाऱ्याला माहीत नसतं. सांगायला कोणी गेलेलंही नसतं.

तेव्हा मंडळी, शिरपूर असो, मालेगाव, रिसोड, मेहकर की आणखी कुठे, गावाकडे विहीर खणली जात असेल आणि दोन काळ्या थरांच्या मध्ये पांढरट, गारगोटीसारखा किंवा राखाडी मातीचा पट्टा निघाला, तर त्याचा एखादा ढेकूळ बाजूला काढून ठेवा. किती फुटांवर निघाला ते चिठ्ठीवर लिहा, मोबाइलवर फोटो काढा आणि जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला कळवा. नागपूरला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालयही आहे. दहातले नऊ वेळा त्यात काही निघणार नाही. दहाव्या वेळी एखादा शंख निघेल, एखादं बी निघेल. आणि डोळ्यांना काहीच दिसलं नाही तरी ढेकूळ लगेच फेकू नका. या गोष्टीतला सगळ्यात कामाचा साक्षीदार भिंगाशिवाय दिसत नाही, एवढं लक्षात असू द्या.